आईच्या वाटणीचा उपास

राखेच्या बुधवारी दादा कपाळावर राख लावून चर्चमधून आला, तेव्हापासून घरात त्याच्या उपासाशिवाय दुसरा विषय नाही. ईस्टरपर्यंत मांस-अंडी बंद, गोड बंद, दिवसातून एकदाच पोटभर जेवण. करावं की, कोण नको म्हणतंय? पण आमचा दादा उपास पोटाने कमी आणि तोंडाने जास्त करतो. टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाइकाला फरशी दाखवतानाही "सकाळपासून नुसत्या पाण्यावर आहे" हे सांगून घेतो. रिकाम्या पोटी त्याच्या तोंडाला जो आंबूस वास येतो, तोसुद्धा बक्षीस मिळाल्यासारखा मिरवतो. शुक्रवारी तळलेल्या माशांची चळत पुढ्यात घेऊन काटे चोखत बसतो, कारण मासे म्हणजे मांस नव्हे. मला किळस येते. सख्खा भाऊ असला तरी येते.

त्याचं त्याला लखलाभ, म्हणून मी गप्प बसले असते. पण आईच्या पायाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सने मला बाहेर बोलावलं.

"ताई, जखम भरत नाहीये. अंगात काही असेल तर भरेल ना? अंडी द्या, चिकनचं सूप द्या. नाहीतर पाय वाचेल याची खात्री नाही."

मी लगेच सूप केलं. आई म्हणाली, "पोरगा उपाशी, आणि मी सूप ओरपू?"

मी दादाकडे पाहिलं. त्याने 'पी गं' एवढंच म्हणायचं होतं. त्याने डोळे मिटले. "आईची श्रद्धाच मोठी. मी कोण अडवणार?" आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर हीच गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटला.

मग मी आईच्या पेजेत गुपचूप अंडं फेटून घालू लागले. नर्स म्हणाली, जखमेला चांगला रंग येतोय. तेवढ्यात दादाला कचऱ्याच्या डब्यात टरफलं दिसली. हा माणूस एरवी तो डबा पायानेही सरकवत नाही. तो आईच्या उशाशी बसला आणि मऊ आवाजात म्हणाला, "आई, तुझा उपास मोडला गं. यात तुझा दोष नाही."

आईने घशात बोटं घातली. मी बादली धरेपर्यंत पांघरुणावर, पायाच्या पट्टीवर सगळीकडे ओकारी झाली. दादा नाकाला रुमाल लावून दारात जपमाळ ओढत उभा होता. त्यानंतर आईने पेजही सोडली.

दुसऱ्या दिवशी मी कामाला असते त्या लाँड्रीतली इस्त्री तशीच टाकून फादरांकडे गेले. फादर भले माणूस, लगोलग आले. "आजी, आजाऱ्याला उपास नसतो. हा चर्चचाच नियम आहे. डॉक्टर सांगतील ते मुकाट्याने खायचं." आईने मान डोलावली. दादाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

फादर गेले आणि मी वाडगाभर सूप, दोन उकडलेली अंडी आईपुढे ठेवली. तिने दोन चमचे घेतले. मग वाडगा दादाकडे सरकवला.

"तुझे गाल बघ कसे बसलेत. तू घे रे थोडं."

"नाही गं. माझा नेम आहे."

"माझ्यासाठी."

"आई, ते तुझं आहे, तूच संपव," मी म्हणाले.

दादाने वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आईचं मन मोडणं हे त्याहून मोठं पाप," म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. भुरके मारत सूप प्यायला. तळाचे चिकनचे तुकडे बोटांनी वेचले. अंडी एकेका घासात गेली. हनुवटीवर तेलाचा ओघळ आला, तोही त्याने बोटाने पुसून चाटला.

आईचे डोळे भरून आले. तिने माझा हात घट्ट धरला.

"बघ गं," ती म्हणाली, "माझ्यासाठी त्याने नेम मोडला."