पियूषची हजेरी

सक्करदऱ्याच्या तलावाजवळ, एका मिठाईच्या दुकानाच्या वर, एसी-फ्रिज दुरुस्ती शिकवणारी ती संस्था होती. नागपूरच्या उन्हाळ्यात ज्याला एसी दुरुस्त करता येतो तो उपाशी राहत नाही, असं संचालक संजीवसर प्रवेशाला आलेल्या प्रत्येक बापाला सांगत, आणि बाप मुकाट्याने कर्जाच्या कागदांवर सह्या करत. फी बँक भरायची. पण बँकही काही खुळी नव्हती. नवं सत्र सुरू झालं की पुढचा हप्ता सोडण्याआधी ती संस्थेला एकच प्रश्न विचारायची: मुलगा वर्गात येतो का? संस्थेने ‘हो’ म्हटलं की पैसे संस्थेकडे आणि कर्ज घरच्यांच्या डोक्यावर.

हे ‘हो’ म्हणायचं काम रुचिकाचं. कॉम्प्युटरवर एकेक नाव उघडायचं, हजेरीपट पाहायचा, बटण दाबायचं. काम इतकं अंगवळणी पडलं होतं की एका हाताने तर्री-पोहे खाता खाता दुसऱ्या हाताने ती अख्खा वर्ग हजर करून टाकायची.

या वेळी मात्र एका नावावर तिचा हात थांबला. पियूष ताराचंद धकाते. तिचा धाकटा भाऊ. हिंगण्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून मोटरसायकलने येत होता, मागून ट्रकने उडवलं. त्याची तेरवी झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात नवं सत्र सुरू झालं.

रुचिका अजून रडली नव्हती. “रड वं पोरी, मन मोकळं कर,” असं म्हणून म्हणून घरी आलेल्या बायका थकल्या, आणि मग दगडाच्या काळजाची आहे म्हणून आपापल्या घरी गेल्या. लोकांचं काय, रडलं तरी बोलतात, नाही रडलं तरी बोलतात. ती दगडाची नव्हती. तिला नुसतं काही जाणवतच नव्हतं. चहा कढत आहे की गार, हेसुद्धा दोन घोट झाल्यावर कळायचं.

तिने हजेरीपट उघडला. नव्या सत्रात पियूषच्या नावापुढे रोज ‘हजर’ लिहिलेलं होतं. ती बराच वेळ पाहत राहिली. चूक असेल तर रोज कशी होईल?

वर्ग सुटायची वाट पाहून तिने मोहितला जिन्यात गाठलं. मोहित पियूषचा जिवलग, दोघं एकाच बाकावर बसायचे.

“पियूषची हजेरी कोण देऊन राहिलं?”

मोहितने मान खाली घातली. “आम्हीच, ताई. पाळीपाळीनं.”

“काहून?”

“तो पाळीवरून यायचा तं रोज उशीर होये त्याले. आम्ही आधीच हाजिर म्हणून द्यायचो, मंग तो मागच्या दारानं येऊन बसे. आता नवीन सर आले, त्यायले काही मालूम नाही. खाली मान घालून नावं वाचते. पहिल्या दिवशी त्याचं नाव घेतलं आन् माह्या तोंडातून निघून गेलं. मंग बंद कसं करावं, कोणाच्याच जिवावर येऊन राहिलं.”

तिला राग यायला हवा होता. आला नाही. “बरं,” म्हणाली आणि खाली आली.

संजीवसर केबिनच्या दारात उभे होते. तेरवीला ते येऊन गेले होते. “रुचिका, आज पाठवून दे सगळ्यांचं,” ते म्हणाले. मग जरा घुटमळले. “पियूषचं तू पाहा. मी काही म्हणत नाही. हजेरी तर लागलेली आहे.” म्हणजे म्हणायचं ते म्हणून झालंच होतं.

खरं तर दाबायचं एक बटण. ‘हो’ म्हटलं असतं तर कोणी विचारायला येणार नव्हतं. कंपनीने त्याचं ओळखपत्र परत घेतलं होतं. मोबाईल बंद करून कपाटात ठेवला होता. या जगात आता एकच जागा उरली होती जिथे पियूष रोज येत होता, आणि ती रुचिकाच्या बोटाखाली होती. पण इतवारीत दुसऱ्याच्या दुकानात कापडाचे गठ्ठे उचलणाऱ्या बाबांच्या डोक्यावर त्याच बोटाने आणखी एक हप्ता चढणार होता. बाबांनी बँकेत जाऊन सांगायला हवं होतं. रोज सकाळी ते “उद्या जातो” म्हणत आणि चपला घालून दुकानात निघून जात.

तिने कॉम्प्युटर तसाच सोडला. दुपारच्या तासाला ती वर गेली, नव्या सरांकडून हजेरीपट मागून घेतला आणि पोरांकडे पाहिलं.

“आज नावं मी वाचते. पियूषचं नाव आलं का कोणी बोलू नका.”

ती वाचू लागली. हाजिर, हाजिर, हाजिर मॅडम. मग पियूष ताराचंद धकाते. पोरं गप्प बसली. मोहितने तोंडावर रुमाल धरला होता. रुचिकाची नजर मागच्या दाराकडे गेली. उशीर होतो त्याला, येईल, असं तिला खरंच एक क्षणभर वाटलं. ती थांबली. दार बंदच राहिलं. तिने ‘गैरहजर’ लिहिलं आणि पुढचं नाव वाचलं.

खाली येऊन तिने ‘नाही’ दाबलं. कॉम्प्युटरने कारण विचारलं. शिक्षण सोडलं, दुसरीकडे प्रवेश घेतला, मृत्यू. तिने तिसरं निवडलं. नाव वर्गाच्या यादीतून निघून गेलं आणि खालचं नाव एक ओळ वर सरकलं.

मग तिने बाबांना फोन लावला. मागे दुकानातला गलका ऐकू येत होता.

“बाबा, मी सांगून दिलं आज.”

“काय सांगितलं वं?”

“बँकेले. पियूष आता येत नाही म्हणून.”

कोणीतरी ताराचंदांना गठ्ठा उचलायला हाक मारत होतं, त्याला त्यांनी ओ दिली नाही.

“बरं केलं पोरी,” ते शेवटी म्हणाले. “मी तीनदा बँकेच्या दारातून परत आलो. मले नव्हतं म्हणता येत.”

रुचिकाने फोन कानाला तसाच धरून ठेवला, आणि तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, तिला रडू फुटलं.