पूजेतून उचललेला हातोडा

मित्रांनो, खुंटीला टांगलेला हा पिवळट, ठेंगणा हातोडा म्हणजे मी. पितळेचा आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. डोक्याला खळगे पडलेत, दांडा दोनदा बदलला. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून बदलली नाही. मला भीती वाटते. रोज वाटते. आज त्या भीतीचीच गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्याही उपयोगाची आहे.

माझ्या अंगातलं पितळ पूर्वी एका समईचं होतं. नाशिकच्या भांडीबाजारात ती मोडीत आली. एका ओतारीबुवांनी हात जोडून तिला नमस्कार केला, वितळवलं आणि साच्यात ओतून मला घडवलं. समईचं काम ज्योत सांभाळायचं. माझं काम नेमकं उलटं निघालं. जिथे ज्योत तर सोडाच, साधी ठिणगीसुद्धा पडता कामा नये, अशा जागी मला पाठवलं गेलं.

सिन्नरच्या बाजूला घरगुती गॅसचे सिलिंडर भरायचा एक कारखाना आहे. लांबून टँकर येतात. त्यांतला गॅस नळीने मोठ्या टाक्यांत उतरवतात आणि तिथून तो तुमच्या स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरमध्ये जातो. इथे फाटकावरच कामगारांचे खिसे तपासतात. काडेपेटी, मोबाईल, सगळं बाहेर ठेवायचं. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडते. पितळाने ती उडत नाही. म्हणून टँकर रिकामा करायच्या शेडमध्ये माझी खुंटी आहे. एखादा व्हॉल्व्ह अडला की मला काढायचं, दोन ठोके द्यायचे, परत टांगायचं.

सहादूमामा इथले सगळ्यांत जुने कामगार. नवा माणूस आला की ते मला त्याच्या हातात देत आणि सांगत, की हा दिसतो साधा, पण हा जागेवर नसेल तर कामाला हात लावू नकोस. मला ते ऐकून बरं वाटे. आणि भीतीही वाटे. एखाद्या दिवशी मी जागेवर नसलो तर?

तो दिवस खंडेनवमीचा होता.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. आमच्याकडेही असते, फक्त थोडी वेगळी. शेडच्या पलीकडे, धोक्याची हद्द दाखवणाऱ्या पिवळ्या पट्ट्याबाहेर एक कडुनिंब आहे. त्याखाली नवसाबाईंनी चौरंग मांडला, वर धुतलेलं सुती कापड घातलं. नवसाबाई इथली झाडलोट आणि झाडांचं पाणी बघतात. नवरात्रात त्यांचे नऊ दिवसांचे उपास असतात आणि त्या पायांत काही घालत नाहीत. पट्ट्याच्या आत बुटांशिवाय जायचं नाही, म्हणून त्या नऊ दिवसांत त्या पट्टा ओलांडतच नाहीत. त्यांनी निरांजनात तुपाची वात घातली आणि ती न पेटवताच माझ्यासमोर ठेवली. आमच्याकडे दिवा असाच असतो. देवी समजून घेते, असं त्या म्हणतात.

नट आवळायचे पाने, पेचकस, मी, सगळ्यांना हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला. सहादूमामांनी हात जोडले आणि सगळ्यांना बजावलं, की पुजलेल्या हत्याराला आता उद्यापर्यंत कुणी शिवायचं नाही. मग ते घरी गेले. त्या दिवशी टँकर यायचाच नव्हता.

मी तिथून माझी खुंटी बघत होतो. ती रिकामी होती. मला धस्स झालं, पण मला वाचा कुठे आहे?

पण दुपारी न ठरलेला एक टँकर आला. बाकीचे जेवायला गेले होते. शेडवर सोमनाथ एकटाच होता. सोमनाथ ठेकेदाराकडचा माणूस, मन लावून काम करणारा. दसरा झाला की ठेकेदार पुढच्या वर्षी कामावर ठेवायच्या माणसांची यादी लावतो. ज्याच्या पाळीत काही घडलं, त्याचं नाव बहुतेक गळतं. सोमनाथची मुलगी आरोही यंदा पहिलीत गेली होती. आठवडाभर तो यादीशिवाय दुसरं काही बोलतच नव्हता.

त्याने टँकरला नळी जोडली, व्हॉल्व्ह उघडला. आणि थोड्याच वेळात मला तो आवाज ऐकू आला. फुस्स. बारीक, सतत. जोडातून पांढरं धुकं निघालं आणि खाली जमिनीवर पसरू लागलं. हा गॅस वर जात नाही, मित्रांनो. तो जमिनीलगत सरपटतो आणि ठिणगीची वाट बघतो.

सोमनाथ व्हॉल्व्ह बंद करायला धावला. चाक अर्धं फिरलं आणि अडलं. धोक्याच्या घंटेचं लाल बटण त्याच्यापासून दोन पावलांवर होतं. त्याचा हात तिकडे गेला, मी पाहिलं. मग तो मागे आला. घंटा वाजली असती तर वहीत वेळ आणि नाव लिहिलं जाऊन ते ठेकेदाराकडे गेलं असतं. त्याला यादी आठवली असणार.

त्याने खुंटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. झेंडूखाली मी पडलो होतो आणि मधे सहादूमामांचा शब्द होता.

टँकरचा ड्रायव्हर महेश केबिनमधून आपला हातोडा घेऊन आला. लोखंडी. तो म्हणाला, "कुणाची वाट बघतोस? देवीची? मार दोन ठोके आन मोकळा हो."

सोमनाथने तो हातोडा घेतला.

तुम्हांला खरं सांगतो, त्या क्षणी मला आरोहीचं दप्तर दिसलं, कडुनिंब दिसला, भिंतीपलीकडे भरून ठेवलेले शेकडो सिलिंडर दिसले. धुकं पिवळ्या पट्ट्यापर्यंत आलं होतं. मी पितळेचा, थंड धातू. पण त्या दिवशी मी आतून वितळलो.

नवसाबाई चौरंगापाशी बसून उरलेल्या फुलांचा हार करत होत्या. वास आला आणि त्यांनी मान वर केली. लोखंडी हातोडा सोमनाथच्या खांद्यापर्यंत उचललेला होता.

"सोमनाथ," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. त्यांना ओरडता येतच नाही. "ते लोखंड खाली ठेव. आपटू नको, ठेव."

त्यांनी मला उचललं. फुलं सांडली, निरांजन कलंडलं. नऊ दिवस न ओलांडलेला पट्टा अनवाणी पायांनी ओलांडून त्या आल्या.

सोमनाथने लोखंड हळूच खाली ठेवलं. पण मला घेईना. "मावशी, पूजेतला हाय तो. मामा काय म्हणतील?"

"पाप लागलं तर मला लागंल. उचलला मी हाय. तू मार, आन मग ती घंटा दाब."

"माझं नाव जाईल, मावशी."

"नाव जाऊ दे. माणूस राहू दे."

त्याने मला घेतलं. एक ठोका, दुसरा, तिसरा. माझ्यावरचं ओलं कुंकू व्हॉल्व्हला लागलं. चाक हललं, फिरलं, बंद झालं. फुस्स थांबलं. मग त्याने स्वतःच घंटा दाबली. वरच्या नळांतून पाण्याचा पाऊस सुरू झाला आणि धुकं विरत गेलं. तिघंही भिजली होती. महेश आपल्या हातोड्याकडे बघत उभा होता.

सुरक्षेचं बघणाऱ्या निकिताबाई धावत आल्या. सोमनाथने काही लपवलं नाही. घंटेवरून हात मागे घेतला, हेही सांगितलं. त्याला महिनाभर शेडवरून काढून शिकवणीला बसवलं. यादी लागली तेव्हा त्यात त्याचं नाव होतं. पुढे निकिताबाईंनी मागे लागून वहीचा नियम बदलून घेतला. घंटा वाजवणाऱ्याचं नाव आता ठेकेदाराकडे जात नाही.

दसऱ्याला सहादूमामा आले. नवसाबाई त्यांच्यासमोर खाली मान घालून उभ्या राहिल्या. हत्याराची पूजा मोडली, काय प्रायश्चित्त घेऊ, असं विचारू लागल्या. मामा म्हणाले, "चूक माझ्या तोंडची व्हती, बाई. तुम्ही कसलं प्रायश्चित्त घेता?" त्यांनी मला स्वतःच्या हाताने पुसलं आणि खुंटीला टांगलं.

तेव्हापासून खंडेनवमीला मला कुणी चौरंगावर नेत नाही. माझी पूजा खुंटीवरच होते. एक बोट हळद, एक बोट कुंकू, एक झेंडू. नवसाबाई पट्ट्याबाहेरून हात जोडतात. त्यांचं न पेटवलेलं निरांजन कडुनिंबाखाली असतं. मला उगाच वाटतं, माझ्यातली समई ते बघत असेल.

मित्रांनो, भीती अजून गेलेली नाही. प्रत्येक टँकर आला की मी कान देऊन असतो. तुमच्याकडे फक्त एक मागणं आहे. आमच्यासारख्यांना जपा, पुसा, वाटलं तर हातही जोडा. पण आमची खुंटी रिकामी ठेवू नका.

आणि गॅसचा वास आला, तर कोण काय म्हणेल, याचा विचार करत उभे राहू नका.

आता फाटकावर टँकरचा आवाज आला आहे. सोमनाथ आत येतो आहे. बूट घातलेत, खिसे रिकामे आहेत. काम सुरू करण्याआधी तो वर बघतो. मी जागेवर आहे.