उसना गडी

लीग सुरू झाली तीच मुळी भांडणातून. बेकरीवाले आणि छापखान्यातले पाण्याच्या नळावरून हातघाईवर आले, तेव्हा एका शहाण्या फोरमनने दोघांच्या हातात हॉकीच्या काठ्या दिल्या आणि म्हणाला, "आता मारा, पण चेंडूला." पुढे टपालवाले आले, गॅरेजवाले आले. सगळीच हौशी मंडळी. कुणाची कामाची पाळी आड यायची, कुणाची कंबर. अकरा डोकी जमवताना नाकीनऊ यायचे. म्हणून उसन्या गड्याची रीत पडली. समोरच्यांचा एक कमी असला, तर आपला राखीव द्यायचा. त्याने आपल्याच माणसांविरुद्ध जीव तोडून खेळायचं. सामना संपला की त्यांच्या कप्तानाने त्याला हाताला धरून आणायचं आणि म्हणायचं, "तुमचा गडी परत." आपल्या कप्तानाने म्हणायचं, "मिळाला." मग त्याने गोल कितीही मारलेले असोत, कुणी मनात ठेवत नसे.

बेकरीचा कप्तान होता थोरला. दिवसभर भट्टीपुढे, संध्याकाळी गोलात. लोक त्याला भिंत म्हणायचे. आईबापांमागे धाकट्या भावाला त्यानेच वाढवलं, काठी धरायलाही त्यानेच शिकवलं. एका अंतिम सामन्यात छापखान्याला गडी कमी पडला आणि थोरल्याने धाकट्याला दिला. घरचाच आहे, सांभाळून घेईल, असं त्याच्या मनात होतं. धाकट्याने रीत सांभाळली, भावाला नाही. शेवटी शेवटी त्याने मारलेला चेंडू थोरल्याच्या दोन पायांमधून आत गेला. "भिंतीला भगदाड!" म्हणून मैदान खदखदलं.

छापखान्याच्या कप्तानाने धाकट्याला हाताला धरून आणलं. "तुमचा गडी परत."

थोरला पाठ करून पॅडचे पट्टे सोडत बसला. सगळ्यांसमोर धाकटा तसाच ताटकळला आणि मग आला तसा परत गेला. पुढच्या वर्षीपासून तो छापखान्याकडूनच खेळला.

"एक शब्द काढला तर जीभ झिजणार आहे का तुमची?" थोरल्याची बायको वर्षानुवर्षं विचारत राहिली. त्याची जीभ काही झिजली नाही. लग्नकार्यात दोघं भाऊ दोन टोकांना बसायचे. टपालवाल्यांचा संघ मोडला, गॅरेज बंद पडलं, मैदानावरचं गवत गेलं. शेवटी तिथे बसडेपो होणार असं कळलं, तेव्हा निरोपाचा सामना ठरला. त्या दिवशी चारचौघांत धाकट्याला हाताला धरायचं आणि "मिळाला" हा शब्द म्हणायचा, असं थोरल्याने ठरवलं. भट्टीपुढे तो पुटपुटूनही पाहिला.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात धाकटा गेला. झोपेतच.

तरी सामना झाला. त्याच्या बायकोनेच तसं सांगितलं होतं. छापखान्याचा जुना कप्तान, आता गुडघ्यांनी हैराण, धाकट्याची काठी घेऊन आला. "एक कमी पडतोय," एवढंच म्हणाला. थोरल्याने पॅड काढून दुसऱ्याच्या हवाली केले. "मी येतो." काठीच्या मुठीला पिठाच्या पोत्याची सुतळी गुंडाळलेली होती, लहानपणी त्याने शिकवली होती तशीच.

तो धापा टाकत खेळला, आपल्याच लोकांविरुद्ध, जीव तोडून. गोल काही झाला नाही. सामना संपल्यावर जुन्या कप्तानाने त्याला हाताला धरून बेकरीवाल्यांपुढे आणलं.

"तुमचा गडी परत."

तो शब्द कप्तानाने म्हणायचा, आणि कप्तान तर तोच होता. बेकरीचे खेळाडू एकमेकांकडे बघत राहिले. थोरला मान खाली घालून उभा होता. त्याला फार लाज वाटली, आणि धाकटा इथे उभा असताना त्याला काय वाटलं असेल, हे पहिल्यांदाच कळलं.

गर्दीतून धाकट्याची बायको पुढे आली. तिने त्याचा दुसरा हात धरला.

"मिळाले," ती म्हणाली. "चला भावजी, घरी चला."

थोरला तिथेच मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडला.