साहेबरावच्या गेममधलं सातवं दार

"दादा, तुमच्या गेममधलं भूत सुटीवर गेलंय का?"

उज्ज्वलानं विचारलं आणि मागच्या बाकावर नसरीन नि मालन तोंडावर ओढणी दाबून खुसखुसल्या. पैज त्यांचीच होती. "पूछ के दिखा, फिर मानूं," असं नसरीन दोन दिवस डिवचत होती. दिवाळीआधी वक्तृत्वाचा कप मिळाल्यापासून उज्ज्वलाला कुणी 'विचारून दाखव' म्हटलं की तिला गप्प बसवायचंच नाही. नववीतली पोरगी, पण भरल्या शाळेपुढं सात मिनिटं न अडखळता बोलली होती. तेव्हापासून तिची चालसुद्धा बदलली होती.

साहेबराव मात्र हसला नाही. वाळूजच्या एका कारखान्यात तो लेथवर उभा राहायचा. वय पंचवीस-सव्वीस. पहिली पाळी सुटली की बसनं थेट सिडकोतल्या या कॉम्प्युटर क्लासला यायचा, नखांतलं ऑइल तसंच घेऊन. वर्षभर खपून त्यानं एक गेम लिहिला होता. एकट्यानं खेळायचा, भीतीचा. नाव 'दार'.

"येतं," तो म्हणाला. "तू खेळत राहा."

क्लासचं प्रदर्शन रविवारी होतं. विद्यार्थ्यांनी लिहिलेले तीन गेम, आणि ज्याला पहिला नंबर त्याला क्लासमध्ये शिकवायची नोकरी, असं सरांनी फळ्यावर लिहून टाकलं होतं. म्हणजे साहेबरावला लेथ सुटायची हीच एक वाट होती. गेम पोरं खेळणार, तर मार्कही पोरांनीच द्यावेत, असं सरांचं म्हणणं पडलं आणि त्यांनी परीक्षक म्हणून उज्ज्वलाला बसवलं. तिनं दोनशे पानी वहीत रेघ मारून दोन खण केले: गुण आणि दोष. मोटारींच्या गेमला अडुसष्ट देऊन झाले होते, विमानांच्या गेमला एकसष्ट. राहिला होता हा.

चौऱ्याण्णव साल लागून चारच दिवस झाले होते. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आज होतो की उद्या, अशी गावभर कुजबुज. चौकात पोलिसांच्या गाड्या उन्हात उभ्या होत्या आणि दुकानदार निम्मं शटर खाली ओढून बसले होते. क्लासचंही शटर निम्मंच वर होतं. दुपारी तीन वाजता आत दिवेलागणीसारखा अंधार, स्टॅबिलायझरची घरघर आणि पडद्याचा हिरवा उजेड.

पडद्यावर एवढंच उमटायचं: 'तू दहा वर्षांचा आहेस. आई पुढं गेली. तिला शोध.' मग रेघांनी काढलेली गल्ली आणि त्यात एक ठिपका. तो ठिपका म्हणजे आपण. बाणाचं बटण दाबलं की एक पाऊल, आणि पावलागणिक 'टिक'. दारापाशी जाऊन एंटर दाबलं की खाली ओळ यायची: 'घरात माणसं आहेत. कुणी बोलत नाही.' दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्या दारी तेच. तोवर पडद्याच्या तळाला चांदण्या उगवायला लागायच्या. आधी दोन, मग पाच, मग ओळच्या ओळ. त्या वर सरकायच्या. ठिपक्याला लागल्या की खेळ खलास.

पहिल्यांदा उज्ज्वला हसत हसत मेली. दुसऱ्यांदा तिनं वहीत लिहिलं, 'दोष: मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मधूनच सुरू करायची सोय नाही.' तिसऱ्यांदा लिहिलं, 'दोष: बटण दाबल्यावर ठिपका उशिरा हलतो. मग राग गेमचा येतो आणि भीती उडते.' हे वाक्य तिला फारच आवडलं. तिनं ते नसरीनला मोठ्यानं वाचून दाखवलं. पण चौथ्यांदा खेळताना एक गंमत झाली. चांदण्या जवळ आल्या आणि 'टिक' एकदम बंद पडली. पाऊल पडतंय, आवाज नाही. उज्ज्वलाचा हात बटणावरच राहिला. मागं बघावं असं वाटलं, आणि मागं तर मालन नि नसरीन बसल्या होत्या. तरी तिनं बघितलं नाही. 'गुण,' तिनं लिहिलं, 'आवाज थांबतो तेव्हा.'

"चल गं, आईनं लवकर बोलावलंय, मोर्चा निघणारे," मालन म्हणाली आणि दोघी उठल्या. उज्ज्वला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी याला जिंकूनच येते."

जिंकायचं तर नकाशा हवा. तिनं भूमितीच्या वहीतला आलेखाचा कागद फाडला आणि गल्ली उतरवायला बसली. वेस कागदाच्या अगदी खालच्या कडेला काढली, कारण गाव वेशीपासूनच सुरू होतं, हे तिला सांगायला कोण लागतंय? पण खेळ वेशीच्याही खालून सुरू होत होता. ओढ्याच्या पलीकडून. तिथं आठ-दहा घरं होती आणि कागदावर त्यांना जागाच नव्हती. तिनं चिकटपट्टीनं खाली दुसरा कागद जोडला.

पाचव्या खेळाला ती पिठाच्या गिरणीपाशी वळली आणि तिला आधीच कळलं, आता दगडी डोणी येणार, गुरांना पाणी पाजायची. डोणी आली. मग बुटका पार. पार आला. पुढं दोन पायऱ्यांचं, मोठ्या कवाडाचं घर.

"दादा!" ती खुर्चीतून उडालीच. "अहो, हे तर आमचं गाव! दर दिवाळीला जातो आम्ही. हे सातवं दार आमचंच!"

साहेबराव शेजारच्या मशीनवर बसला होता. त्यानं हळूच मान वळवली.

"कुणाची तू?"

"बद्रीनाथ पाटलांची. गावात कुणालाही विचारा."

त्यानं खुर्ची तिच्या मशीनजवळ ओढली. बाहेर एक जीप कर्णा लावून गेली. काय म्हणत होती ते कळलं नाही.

"एंटर दाब," तो म्हणाला.

तिनं दाबलं. बाकीच्या दारांवरची ओळ इथं आलीच नाही. इथं आलं: 'कडी हलली.' थोडं थांबून दुसरी ओळ: 'दार उघडलं नाही.' आणि चांदण्या वर चढल्या.

"या चांदण्या म्हणजे काय हो?" तिचा आवाज आता स्टेजवरचा राहिला नव्हता.

"पलिते. लोकांच्या हातातले."

"आणि आई? आई सापडते का शेवटी?"

"खेळात शेवट लिहायचा राहिलाय. जमंना झालंय." त्यानं नखातलं ऑइल खरवडलं. "मला सापडली. ओढ्यात लपली होती. पहाटं तिथून चालत निघालो, ते परत गेलो नाय." मग उठून त्यानं तिचं मशीन बंद केलं. हिरवा ठिपका मधोमध बारीक होत विझला. "तू या गेमला मार्क देऊ नको, पोरी. सरांना म्हणावं, दुसरं कुणी बघा. तुझ्या घरच्यांना चालायचं नाय."

उज्ज्वला घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ज्वारी निवडत होती आणि आप्पा कंपनीतून येऊन चहा घेत होते. बद्रीनाथ म्हणजे तिचे आप्पा, वाळूजच्याच एका कंपनीत स्टोअरकीपर. तिनं चपलाही न काढता नकाशा त्यांच्यापुढं पसरला.

आप्पांना कौतुक वाटलं. "आरं वा! ही गिरणी. हा पार. हे आपलं घर. हे कुणी शिकवलं तुला?" त्यांचं बोट गल्लीनं खाली खाली आलं, वेशीपाशी आलं, चिकटपट्टीवर आलं आणि थांबलं.

"ही वस्ती कुठं आहे आता," ते म्हणाले. "उठून गेली."

"कधी?"

"अठ्ठ्याहत्तरला. तुझा जन्म नव्हता."

"उठून गेली का उठवली?"

आप्पांनी कप खाली ठेवला. "कुणाचा गेम आहे हा?"

तिनं साहेबराव, रविवारचं प्रदर्शन, तिन्ही गेम, सगळं सांगितलं. नाव ऐकून आप्पांचा चेहरा आक्रसला. "वस्तीवरच्या पुंजारामाचं पोरगं," ते आईकडं न बघता म्हणाले. मग उज्ज्वलाकडं वळले. "हे बघ बाळा. नामांतरावरनं गाव पेटलं होतं. बाहेरची माणसं होती, आपलीबी होती. आमी कुणाच्या अंगाला हात लावला नाय. काडी लावली नाय. दाराला कडी घालून आत बसलो. गुन्हा केला का?"

"दार वाजलं होतं?"

आप्पांनी नकाशाची घडी घातली. सुपातली ज्वारी सरसरायची थांबली.

"वाजलं," आई म्हणाली. "तीनदा. लेकराचा आवाज होता."

"सरू, गप."

"सोळा वर्षं गप्पच हाय की." आईची नजर सुपावरच होती. "लग्नाला साल झालं नव्हतं माझ्या. मी कडीला हात घातला. वर सरकवलीबी. तुझ्या आप्पानं मनगट धरलं माझं."

बाहेर कुणीतरी धडाधड शटर ओढली, एक, दोन, तीन, आणि गल्लीतला पोरांचा क्रिकेटचा गलका मधेच तुटला.

"उघडलं असतं तर आपलं घर राहिलं असतं का?" आप्पा हळू आवाजात बोलत होते. "आजबी बाहेर बघ काय चाललंय. रविवारी शंभर माणसं येणार प्रदर्शनाला. कुणी म्हणणार, हे गाव कोणतं? हे दार कुणाचं? कंपनीत निम्मी लाइन त्यांची हाय, निम्मी आपली. मला तिथं उभं राहायचंय. तू त्या मोटारीच्या गेमला नंबर दे. नायतर ताप आला म्हण. मी चिठ्ठी लिहून देतो सरांना."

चिठ्ठी. किती सोपं होतं! ताप आला म्हणायचं, पांघरूण घेऊन पडायचं, आणि रविवार निघून जायचा. साहेबराव सोमवारी पुन्हा लेथवर उभा राहील. तो कुणाला काही सांगणारही नाही, तसा त्याचा स्वभावच नव्हता. उज्ज्वलाला आप्पांचा राग येत नव्हता, हेच वाईट होतं. त्यांचे हात तिला लहानपणापासून ठाऊक होते. सायकल शिकवताना मागून धरणारे. त्याच हातांनी आईचं मनगट धरलं होतं.

तिनं वही उघडली. दोषाच्या खणात दोन ओळी होत्या, त्यात तिनं आणखी दोन घातल्या: 'चांदण्या म्हणजे काय ते कळत नाही. शेवट नाही.' गुणाच्या खणात लिहायला मात्र तिला वेळ लागला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आई आणि आप्पा दोघंही तिच्या पेनाकडं बघत होते.

मग ती उठून उभी राहिली. बोलायला लागली आणि आवाज सापडला.

"आप्पा, आई, ऐका. मला ताप येणार नाही. रविवारी परीक्षक मीच. 'दार'ला मी ब्याऐंशी मार्क दिलेत. अठरा कापलेत ते ठिपका उशिरा हलतो, मधून सुरू करता येत नाही, चांदण्यांचा उलगडा होत नाही आणि शेवट लिहिलेला नाही म्हणून. दुसऱ्या कशापायी नाय. पहिला नंबर साहेबरावदादाचा. आणि लोकांपुढं हे वाचून झालं, की हे गाव कोणतं आणि सातवं दार कुणाचं, ते कुणी विचारायची वाट न बघता मीच सांगणार आहे."