हॉलिसचं कोपर

"बाई, तुम्ही दाखवता ते सगळं पाडलेलंच असतं का?" क्लेटननं भर पावसात विचारलं.

त्याच्यासकट आठ पर्यटक प्लास्टिकचे रेनकोट घालून आर्डिथसमोर कुडकुडत होते. जुन्या स्टुडिओच्या जागी पार्किंग निघालं होतं, वादकांच्या खाणावळीच्या जागी हॉटेल.

"मी नाही पाडलं," आर्डिथ फटकन म्हणाली. "चला आत. हा बार अजून उभा आहे."

नऊ वर्षं ती अमेरिकेतल्या नॅशव्हिलला येणाऱ्यांना कंट्री संगीताचा हा रस्ता दाखवत होती. त्याआधी तीस वर्षं तिचा नवरा हॉलिस याच बारमध्ये गायकांच्या मागं उभा राहून व्हायोलिन वाजवायचा. तो गेल्यावर बारचा मालक बदलला.

दुपारचे तीन, तरी आत कल्लोळ होता. मॅनेजर ब्रेंट आडवा आला.

"आज्जी, हा बसस्टॉप नाही. प्यायचं असेल तर बसा, नाहीतर बाहेर."

"एक फोटो दाखवते आणि निघते."

पूर्वीचा छोटा फोटो आता माणसाएवढा मोठा करून भिंतीवर लावला होता. मधोमध गायिका, माइक, झगझगीत टोपी. बाकीचे वादक कापले गेले होते. उजव्या कडेला तेवढं एक वाकडं कोपर आणि व्हायोलिनच्या गजाचं टोक उरलं होतं.

आर्डिथ त्या कोपराजवळ जाऊन थांबली.

"हा हात कुणाचा?" एका बाईनं विचारलं.

"असेल कुणाचा तरी," ब्रेंट म्हणाला.

"माझ्या नवऱ्याचा."

ब्रेंट हसला. "इथं दर आठवड्याला एक विधवा येते, असंच सांगत."

"लहानपणी घोड्यावरून पडला होता तो. हाड वाकडंच जुळलं. म्हणून गज असा तिरका धरायचा. बघ नीट!"

ब्रेंटनं बघितलं. मग मान फिरवून म्हणाला, "दोन मिनिटं. त्याच्यावर एक सेकंद नाही."

क्लेटननं मोबाइल काढला. "उभ्या राहा, बाई. फोटो काढतो."

"कशाला?"

"राहा हो," तो ओशाळून म्हणाला.

आर्डिथनं ओला रेनकोट काढून हातावर घेतला, केस सारखे केले. मग कोपराच्या बाजूला फोटो संपत होता तिथून एका माणसापुरती जागा सोडून ती कोऱ्या भिंतीला टेकून उभी राहिली.

"जरा जवळ सरका," क्लेटन म्हणाला. "मधे रिकामं दिसतंय."

"दिसू दे," आर्डिथ म्हणाली. "काढ."