झोपेची जड

नवनाथ आणि त्याची सात वर्षांची लेक गुड्डी एकाच गादीवर झोपायचे, पण बापाने लेकीला झोपलेलं जवळजवळ पाहिलंच नव्हतं. सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या चाळीत त्यांची एक खोली होती, आणि खोलीत गादी एकच. रात्री तिच्यावर गुड्डी आणि तिची आई दुर्गा, दिवसा कंपनीतून नाइट करून आलेला नवनाथ. सुट्टीच्या रात्री तो उकाड्यापायी गच्चीवर पडायचा. गादीच्या अशा दोन पाळ्या लावून शहाद्याकडची कितीतरी कुटुंबं इथे सुखाने राहतात. या घरात मात्र सुख नव्हतं, कारण सकाळी गादी ओली असायची.

रात्रभर उभं राहून पाय भरून आलेला माणूस घरी येतो आणि त्याला पाठ टेकायला कोरडी जागा नसते, तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाणारच. नवनाथची रोज जायची. तो हात उगारायचा नाही, पण तोंड असं सोडायचा की सगळ्या चाळीला कळायचं, आज पुन्हा झालं. गुड्डी दाराआड उभी राहून ऐकायची. शेवटी त्याने ठरवूनच टाकलं. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी पोरीला गावाकडच्या वसतिगृहात टाकायचं. साठ पोरींत लाज वाटली की आपोआप सुधारेल.

 दुर्गाने शेजारच्या पुतळाबाईला गाठलं. पुतळाबाईने पाच पोरं वाढवलेली, त्यामुळे तिच्याकडे उपायांना तोटा नव्हता, आणि ते सांगायला तिला कोणी विचारावं लागतं असंही नव्हतं.

"पोर झोपेची जड शे तुझी," ती म्हणाली. "दगडासारखी पडते, मग तिला कळेल कसं? तिची झोप हलकी कर."

दुर्गाला ते पटलं. पटणारच, कारण गुड्डी उठवता उठत नसे हे खरंच होतं. मग अंधार पडला की पाणी बंद, आणि रात्रीतून चार-चारदा उठवणं सुरू झालं. डोळ्यांवर गार पाणी मारायचं, दंडाला धरून उभं करायचं, ढकलत मोरीपाशी न्यायचं. गादी तरीही ओलीच. पोर मात्र सुकत चालली. शाळेतून निरोप आला, वर्गात डुलक्या घेते म्हणून. आणि एका सकाळी अंघोळ घालताना दुर्गाला तिच्या मांड्यांवर काळेनिळे डाग दिसले.

"हे कोणी केलं गं?"

"मीच," गुड्डी म्हणाली. "झोप आली की चिमटा घेते. तूच म्हटली ना मम्मी, झोपू नको."

दुर्गा रागाच्या भरात तसं बोलली होती खरी. ती तांब्याने पाणी ओतत राहिली.

जायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी नवनाथ पोरीच्या कपड्यांसाठी पत्र्याची पेटी आणायला बाजारात गेला. खोलीच्या मागच्या भिंतीला लागून धाग्याचं एक युनिट होतं आणि त्याचा कॉम्प्रेसर रात्रंदिवस धडधडायचा. चाळीतल्या माणसांना ओरडूनच बोलायची सवय झाली होती. त्या दुपारी वीज गेली. पंखा थांबला, कॉम्प्रेसरही थांबला, आणि दुर्गाला कितीतरी दिवसांनी बाहेरच्या कावळ्याचा आवाज ऐकू आला. गुड्डी गादीवर बसल्या बसल्या कलंडली आणि लगेच घोरायला लागली. दुर्गाने तिला उठवलं नाही. जायच्या आधी एक दिवस तरी झोपू दे बिचारीला, असं तिला वाटलं. तिला हसूसुद्धा आलं. एवढंसं नाक आणि घोरणं मात्र थेट आजोबांचं.

मग घोरणं थांबलं.

दुर्गा फ्रॉकची घडी घालत होती. आता आवाज येईल म्हणून तिने वाट पाहिली. आला नाही. तिने वळून पाहिलं. गुड्डीचं तोंड उघडं होतं. छाती वर ओढली जात होती, पोट आत जात होतं, पण आत हवा म्हणून काही जात नव्हती. ओठांचा रंग उतरत चालला होता. दुर्गाची पाचावर धारण बसली. हातातला फ्रॉक टाकून ती पोरीकडे झेपावली. तेवढ्यात पोरीने मोठा आचका दिला, हातपाय झाडले आणि अडकलेला श्वास सुटला. त्याच्या मागोमाग फ्रॉकखाली गादीवर ओल पसरली.

गुड्डी जागी झाली नाही. थोड्या वेळाने पुन्हा घोरू लागली, आणि पुन्हा थांबली.

दुर्गा तिथेच बसून राहिली. तिला त्या एका दुपारची भीती वाटत नव्हती, मागच्या सगळ्या रात्रींची वाटत होती. पोर तिच्या कुशीत अशी गुदमरत होती आणि कॉम्प्रेसरच्या धडधडीत तिला पत्ताही नव्हता. वर आपण तिची उरलीसुरली झोप मोडत होतो. आणि उद्यापासून ही साठ पोरींत झोपणार. एखाद्या रात्री तो आचका आलाच नाही तर? सकाळची घंटा होईपर्यंत तिकडे कोणाला कळणारही नाही.

वीज आली, मागची धडधड सुरू झाली, आणि पेटी घेऊन नवनाथही आला. त्याची नजर आधी गादीवर गेली.

"आता दिवसाढवळ्यासुद्धा?"

"आवो, झोपेत तिचा श्वास थांबून राहिला," दुर्गा म्हणाली. "मी बघितलं."

"काहीपण! पोर पाठवायची नाही म्हणून नवीन काढलं ना? घोरते म्हणजे गाढ झोपली."

ऐकवणार काय, कॉम्प्रेसरपुढे काही ऐकूच येत नव्हतं. दुर्गाने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं मनगट धरून त्याला खाली ओढलं, ओल्या गादीवर गुडघे टेकायला लावले आणि त्याचा पंजा पोरीच्या नाकाखाली धरला.

"हात काढू नका."

नवनाथच्या बोटांना ऊन फुंकर लागत होती. "हे काय, चालू तर आहे," तो म्हणाला. मग फुंकर थांबली. त्याने बोटं आणखी जवळ नेली. दुर्गाकडे पाहिलं. परत पोरीकडे पाहिलं. 

"गुड्डे! ए गुड्डे!" त्याने तिला उचलून गदागदा हलवलं.

गुड्डीने आचका देऊन डोळे उघडले. बापाचा चेहरा एवढ्या जवळ पाहून ती आक्रसली. मग तिला खालची ओली गादी दिसली.

"पप्पा," ती म्हणाली, "मी झोपली नव्हती."

सोमवारी ती वसतिगृहात गेली नाही. सिल्वासात कानानाकाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, नाकामागची गाठ आणि टॉन्सिल सुजलेत, झोपेत श्वासाची वाट अडते. काही मुलांचं अंथरूण त्यापायीही ओलं होतं. हिचं त्यानेच होतं असं मी छातीठोक सांगणार नाही, ऑपरेशननंतर थांबेलच असंही नाही. पण वाट मोकळी करायलाच हवी. भूल देऊन करू.

"म्हणजे झोपवून?" दुर्गाने विचारलं. झोपेत जिचा श्वास थांबतो तिलाच हे झोपवणार होते. डॉक्टर धीर देत राहिले, सगळा वेळ आमचं तिच्या श्वासावर लक्ष असतं म्हणाले. दुर्गा मान हलवत राहिली, पण पोरीचा हात तिने सोडला नाही.

ऑपरेशनच्या सकाळी गुड्डी स्ट्रेचरवर हिरव्या चादरीखाली एवढीशी दिसत होती. नर्स लाडाने म्हणाली, "आता मस्त झोपायचं हं."

गुड्डीने तिला खुणेने जवळ बोलावलं. आपण हळू बोलतोय असं तिला वाटत होतं. "सिस्टर, मी झोपली आणि हे ओलं झालं, तर पप्पांना नका सांगू."

नवनाथ तिच्या पायाशीच उभा होता. त्याने स्ट्रेचरची दांडी घट्ट धरली. "होऊ दे ओलं, बेटा," तो म्हणाला. "होऊ दे. तू फक्त..."  दुर्गाला त्याची दया आली नाही. तिला त्याचा राग आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त. जीव मुठीत धरून ती पोरीच्या कानाशी वाकली आणि आवाज हलू न देता म्हणाली, "झोप गं माझी बाई. खुशाल झोप."

"खरंच झोपू?"

"खरंच."

गुड्डीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बापाकडे. दोघांवरही तिचा विश्वास बसला नव्हता. डोळे टक्क उघडे ठेवूनच ती आत गेली.