विलास उजागरे यांच्या नावानं

अनुसूयाबाई चष्म्याचा नंबर तपासायला गेल्या आणि नंबर न तपासताच घरी परतल्या. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी दवाखान्यातलं टोकन घेऊन असा पळ कधी काढला नव्हता.

बंगळूरच्या जे. पी. नगरमधला तो डोळ्यांचा दवाखाना सकाळीच भरून गेला होता. अनुसूयाबाईंनी नवऱ्याला फोन करून सांगितलं, "स्वल्प उशीर होतंय. तुम्ही जेवून घ्या." फोन ठेवला तशी शेजारची बाई त्यांच्याकडे वळली. सत्तरीची, पांढरी साडी, डोळ्यांत औषध घातलेलं, पापण्या अर्धवट मिटलेल्या.

"तुम्ही मराठी?"

"हो. पण इथलेच आम्ही. तीनशे वर्षं झाली म्हणतात. आमची मराठी मोडकी वाटेल तुम्हाला."

"वाटू दे हो! चार महिन्यांत घराबाहेर पहिल्यांदा मराठी ऐकली. मी संयोगिता रणनवरे, महाराष्ट्रातल्या नगरची. मुलगा इथं मारतहळ्ळीला असतो, त्याच्याकडे आलेय."

दोघी बोलत बसल्या. थोड्या वेळानं संयोगिताबाईंनी पिशवीतून एक लहानसं जाड पुस्तक काढलं.

"एक काम सांगू? माझं आजचं पान राहिलंय. सकाळी निघायची गडबड, आणि आता अक्षर दिसत नाही. वाचून दाखवाल? आमचं ख्रिस्ती लोकांचं मननाचं पुस्तक आहे. दिवसाला एक पान. चालेल ना?"

"चालेल की. त्यात काय!"

अकरा मार्चचं पान होतं. अनुसूयाबाई शाळेत हिंदी शिकलेल्या, त्यामुळे देवनागरी त्यांना सावकाश पण नीट वाचता येत असे.

'जुन्या एका इंग्रजी कादंबरीत एक म्हातारं जोडपं आहे,' त्यांनी वाचायला सुरुवात केली. 'रोज समोरासमोर बसून जेवतात, मिठापाण्याचं बोलतात. पण दोघांच्या मनात जे एकच दुःख आहे, त्याबद्दल बोलत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हा लेखक आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेला असावा. आमच्या घरात वर्षातून एक दिवस फोडणी पडत नाही. तो आजचा दिवस. साधं वरण, भात आणि उकडलेली भाजी. ही कारण सांगत नाही, मी विचारत नाही. आमची मुलगी अकरा दिवस जगली. यंदा छत्तीस वर्षं झाली. हिला वाटतं, मी विसरलो.'

अनुसूयाबाईंचा आवाज बंद पडला.

"वाचा ना," संयोगिताबाई म्हणाल्या. "का थांबलात?"

पुढे एक वचन होतं आणि दोन ओळींची प्रार्थना होती. अनुसूयाबाईंना अक्षरं दिसत होती, पण ती तोंडात येईनात. त्या दिवशी सकाळी त्यांनी वरणाला फोडणी घातली नव्हती. छत्तीस वर्षं अकरा मार्चला त्यांनी ती घातली नव्हती. सुतकात घालत नाहीत, म्हणून. एवढंच त्या मुलीसाठी त्यांना करता आलं होतं. याबद्दल त्या सासूशी कधी बोलल्या नाहीत, पुढे दोन वर्षांनी झालेल्या मुलाला, कार्तिकलाही त्यांनी कधी सांगितलं नाही.

"या वहिनींचं काही आलं की मलाही असंच भरून येतं," संयोगिताबाई म्हणाल्या. "लेखक त्यांचं नाव लिहीत नाहीत, नुसतं 'ही' म्हणतात. आमच्या महिला मंडळात सगळ्याजणी त्यांना ओळखतात. मागच्या वर्षी त्यांचा गुडघा धरला होता ना, तेव्हा आम्ही बुधवारच्या सभेत प्रार्थना केली."

अनुसूयाबाईंनी आपल्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. नगरच्या, कधी न पाहिलेल्या बायकांनी या गुडघ्यासाठी डोळे मिटून प्रार्थना केली होती.

त्यांनी पुस्तक मिटून मुखपृष्ठ पाहिलं. 'रोजची ओंजळ.' खाली नाव होतं: विलास उजागरे.

"हे लेखक कुठं असतात?"

"इथंच, बंगळूरला. कोणी पाहिलं नाही त्यांना. पत्ता मिळाला तर भेटायची फार इच्छा आहे. रोज त्यांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करते मी."

अनुसूयाबाई उठल्या. संयोगिताबाईंनी फोन नंबर मागितला तो त्यांनी कसाबसा सांगितला आणि बाहेर येऊन मिळेल ती रिक्षा पकडली. विलास उजागरे त्यांना चांगले माहीत होते. नवऱ्याच्या, रघुपतींच्या, कारखान्यातले, शेजारच्या टेबलावरचे, बायको लवकर गेलेले, मूलबाळ नसलेले. ते वारून आठ वर्षं झाली होती. त्यांच्या शवपेटीवर अनुसूयाबाईंनी स्वतःच्या हातानं मूठभर माती टाकली होती.

बनशंकरी भागातल्या घरी रघुपती न जेवता वाट पाहत बसले होते. सत्तर वर्षांचे, सरकारी कारखान्यात लघुलेखक म्हणून निवृत्त झालेले, बोलायला मुळातच कमी. रोज सकाळी पूजा झाली की तासभर कॉम्प्युटरवर बसत. पेन्शनरांच्या संघाची पत्रं असतात, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं आणि अनुसूयाबाईंनी पुन्हा विचारलं नव्हतं.

"झालं काम?" त्यांनी ताटं घेत विचारलं.

"विलासअण्णा वारले त्याला किती वर्षं झाली?"

"आठ. का गं?"

"मग आपल्या घरी आज फोडणी पडत नाही, हे त्यांना कोणी कळवलं?"

रघुपतींच्या हातातलं ताट ओट्यावर आपटलं. ते खाली बसले. चेहरा असा पांढरा पडला, की अनुसूयाबाई घाबरल्या, पण पाणी द्यायला पुढे झाल्या नाहीत.

"कुठं वाचलंस?"

"म्हणजे तुम्हीच."

रघुपतींनी मान हलवली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. 'रोजची ओंजळ' विलास उजागरेच लिहायचे. जुन्या कादंबऱ्या, नाटकं वाचायचे आणि त्यातला एखादा प्रसंग घेऊन रोजच्या जगण्याशी जोडायचे. शेवटी त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा ते सांगायचे आणि रघुपती टाइप करून नगरच्या संपादकांना मेल पाठवायचे. विलास गेले तेव्हा पुढच्या वर्षाची एकशे बारा पानं राहिली होती. 'वर्ष पुरं कर,' असं ते म्हणाले होते. रघुपतींनी विलासच्या कपाटातली पुस्तकं घरी आणली आणि वर्ष पुरं केलं. मग त्याच मेलवर संपादकांचं पत्र आलं, 'उजागरे सर, पुढच्या वर्षाचं कधी देताय?' सर गेले, हे त्यांना कळवायला कोणी नातेवाईकच नव्हते.

"आणि तुम्ही दिलंत?"

"दिलं. दर वर्षी वाटायचं, यंदा कळवू."

"आठ वर्षं!" अनुसूयाबाईंचा आवाज चढला. "माझा गुडघा, माझा राग, माझं सगळं. आणि ती! किती घरांत जातं ते पुस्तक?"

"तीन हजार."

"तीन हजार घरांत सांगितलंत. मला नाही."

रघुपती म्हणाले, "आईनं बजावलं होतं. हिच्यासमोर विषय काढायचा नाही, हिला विसरू दे. मी गप्प बसलो. मग गप्प बसण्याचीच सवय झाली. लिहिताना विलासचं नाव वर असायचं, म्हणून लिहिता यायचं."

"पण विलासअण्णांचं एवढं काय देणं लागत होतात तुम्ही?"

रघुपतींनी वर पाहिलं. "अनु, तिला कुठं ठेवलं, हे तू कधी विचारलं नाहीस."

"तुमच्या आईंनी विचारू दिलं नाही. म्हणाल्या, लहान जिवाला पुरतात, पुरलं. संपलं."

"तू तापानं पडली होतीस. मी एकटा तिला घेऊन निघालो. आपल्या स्मशानात गेलो तर तिथला माणूस म्हणाला, दवाखान्याचा कागद आणा. दवाखान्यात गेलो तर कागद देणारा कारकून नव्हता. दुपारचं ऊन. ती कापडात, माझ्या हातात. मी रस्त्याच्या कडेला बसलो होतो. विलास मला शोधत स्कूटरवर आला. त्यानं काही विचारलं नाही. मागं बसवलं आणि त्याच्या चर्चच्या दफनभूमीत घेऊन गेला. तिथल्या माणसाला काय सांगितलं, देव जाणे. भिंतीलगत आम्ही दोघांनीच खणलं. त्यानं मराठीत प्रार्थना म्हटली. मला तर तेव्हा एक शब्द सुचत नव्हता."

अनुसूयाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. "कुठली दफनभूमी?"

"जिथं विलास आहे तीच."

त्यांना तो दिवस दिसला. आठ वर्षांपूर्वीचा. पाद्री प्रार्थना म्हणत होते, गर्दी होती, ऊन लागत होतं म्हणून त्या जरा बाजूला, भिंतीच्या सावलीत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. पाय दुखले म्हणून भिंतीला टेकल्या होत्या.

"भिंतीजवळ?" त्यांनी विचारलं. "मी उभी होते तिथं?"

"हो."

"आणि तुम्ही बघत होतात?"

"बघत होतो."

अनुसूयाबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांचा त्यांनाही ओळखू आला नाही. त्यांनी समोरचा वरणाचा गंज हातानं लोटून दिला. वरण फरशीवर पसरलं. रघुपती उठून फडकं आणायला निघाले तशा त्या ओरडल्या, "पुसू नका! आधी मला तिथं न्या."

ते तसेच निघाले. चार वाजता दोघं दफनभूमीत पोचले. भिंत नव्यानं बांधलेली होती, अलीकडे गवत वाढलं होतं. रघुपती मोजून पावलं टाकत गेले आणि थांबले. तिथं एक काळा पडलेला दगड होता, वीतभर. त्यावर काही कोरलेलं नव्हतं.

"दर वर्षी येतोस?" त्या पहिल्यांदाच नवऱ्याला एकेरीत बोलल्या. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

"येतो. आज तू दवाखान्यात गेलीस तेव्हा येऊन गेलो."

अनुसूयाबाई गवतात बसल्या आणि दगडावर हात ठेवला. दगड उन्हानं तापला होता. त्यांनी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रघुपतींना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि संपादकांना सगळं लिहायला लावलं. "मेलेल्या माणसाची सही करायची नाही. विलासअण्णांनी एक वर्ष मागितलं होतं, आठ नाही." पत्र गेलं आणि तासाभरात फोन आला. पलीकडे वयस्कर संपादक होते.

"उजागरे सर नाहीत?" ते म्हणाले. "मी नाताळला त्यांना शुभेच्छा पाठवतो हो. उत्तर येतं."

"ते मीच लिहितो," रघुपती म्हणाले.

पुढच्या वर्षाचं पुस्तक निघणार नाही, मंडळीतल्या वाचकांना खरं काय ते छापून कळवावं लागेल, असं सांगून संपादकांनी फोन ठेवला. रागावले नाहीत. रघुपतींना वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

संयोगिताबाईंना मात्र अनुसूयाबाईंनी स्वतः फोन केला. रविवारी त्या मुलाच्या गाडीतून बनशंकरीला आल्या. सगळं ऐकून घेतलं. कॉफीला हात लावला नाही.

"तुम्ही ख्रिस्ती आहात का?" त्यांनी रघुपतींना विचारलं.

"नाही. म्हणजे, सांगता येत नाही. देवघरात दिवा लावतो. लिहायला बसताना विलासनं शिकवलेली प्रार्थना म्हणतो. मनात नसलेलं एक वाक्यही लिहिलं नाही."

"मी आठ वर्षं मेलेल्या माणसासाठी आयुष्य मागत होते," संयोगिताबाई म्हणाल्या. "माझे यजमान गेले त्या वर्षी त्या पुस्तकाच्या आधारानं मी उभी राहिले. आता कुठलं पान कोणाचं, हे मला कोण सांगणार?"

रघुपतींनी हात जोडले. "पहिल्या वर्षाची शेवटची एकशे बारा पानं आणि त्यानंतरची सगळी माझी."

"म्हणजे यजमान गेले त्या वर्षीची पानं तुमचीच होती." त्या उठल्या. दारापर्यंत गेल्यावर अनुसूयाबाईंचा हात त्यांनी क्षणभर घट्ट धरला. "तुमच्यावर माझा राग नाही. त्यांना क्षमा करायला मला वेळ लागेल. उगाच झाली म्हणून सांगणार नाही."

"सरी, बरोबर आहे," अनुसूयाबाई म्हणाल्या. "मलाही लागेल."

सोमवारी पूजा झाल्यावर रघुपती सवयीनं कॉम्प्युटरच्या खोलीकडे निघाले आणि अर्ध्यात थांबले. करायला काही नव्हतं. मग ते स्वयंपाकघरात आले आणि डब्यांच्या फळीखालच्या स्टुलावर बसले. अनुसूयाबाई डोसे घालत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"मी तिला दोनदाच पाहिलं," त्या म्हणाल्या. "ताप होता. मला काही आठवत नाही. केस होते का तिला?"

"होते," रघुपती म्हणाले. "पुष्कळ. कानांवरसुद्धा. नर्स हसायची."

अनुसूयाबाईंनी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर येऊन बसल्या. "पहिल्या दिवसापासून सांगा," त्या म्हणाल्या.